खंडूची खाज आणि अर्धी गोळी

मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता डॉक्टर पाटीदार म्हणाल्या, "मिल गए. देखिए आंटीजी, कितने सारे हैं."

मी पाहिलं. जिऱ्याच्या दाण्याला पुढच्या बाजूने आखूड पाय फुटावेत तसे किडे तेलाच्या थेंबात वळवळत होते. तेहतीस वर्षं मी सरकारी शाळेत केमिस्ट्री शिकवली, मायक्रोस्कोप मला काही नवा नाही. पण आपल्याच घरातल्या जीवाच्या कातडीतून खरवडून काढलेलं ते वळवळणं पाहिलं आणि मी डोळा काढून घेतला.

"डेमोडेक्स," त्या म्हणाल्या. डेमोडेक्स म्हणजे केसांच्या मुळांशी राहणारा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा किडा. जवळजवळ प्रत्येक कुत्र्याच्या कातडीत हे थोडेफार असतातच. अंगातली प्रतिकारशक्ती त्यांना आवरून धरते. ती ढिली पडली की ह्यांची पैदास वाढते, केस झडतात, कातडी जाड होते आणि वरून पू धरतो. माणसाला हा किडा लागत नाही. खरूज लागते, तिचा किडा वेगळा. कोणता आहे ते कातडी खरवडून, म्हणजे 'स्किन स्क्रेपिंग' करूनच कळतं. नुसतं बघून सांगणारा माणूस थापा मारतो, एवढं लक्षात ठेवा.

मग डॉक्टरांनी विचारलं, "ये पिल्लों की बीमारी है. तेरह साल के कुत्ते को अचानक हुई, तो अंदर कोई वजह होगी. घर में कोई दवा चल रही है?"

"नहीं," मी म्हटलं. मान ताठ ठेवून म्हटलं. त्या उत्तराची किंमत खंडूने कशी मोजली ते पुढे सांगते.

हे मी लिहिते आहे ते ज्यांच्या घरी म्हातारं कुत्रं आणि आजूबाजूला शहाणी माणसं आहेत अशांसाठी. शहाणी माणसं सगळीकडे असतात, त्यामुळे सगळ्यांनीच वाचलं तरी हरकत नाही.

खंडू आमच्या ह्यांनी आणला. हे रेल्वेतून रिटायर झाले त्याच वर्षी देवास गेटला बसस्टँडजवळ एक काळंकुट्ट पिल्लू मागे लागलं म्हणून शर्टात घालून घरी आले. कुलदैवत खंडोबा, त्याच्याबरोबर कुत्रा असतोच, म्हणून नाव खंडू. मी चिडचिड केली ती आठवडाभर. दोन वर्षांपूर्वी हे गेले आणि नानाखेड्याच्या ह्या घरात आम्ही दोघंच उरलो, मी आणि खंडू.

आमच्या कॉलनीत त्याला कोणी खंडू म्हणत नाही. काळा कुत्रा म्हणजे भैरवबाबाचं वाहन, म्हणून सगळे त्याला भैरू म्हणायचे. दर शनिवारी फाटकाशी रांग. तेल लावलेल्या पोळ्या, इमरती, कोणाच्या मुलाचा इंटरव्ह्यू असला की दूधसुद्धा. समोरच्या चौहानबाई तर त्याच्या पाया पडायच्या. मी ओरडायचे, "अहो, त्याचं पोट आहे की दानपेटी?" पण पुण्य कमावणाऱ्या माणसाला ऐकू येत नाही.

आणि हेच लोक! शिवरात्रीच्या सुमाराला खंडूच्या डोळ्यांभोवतीचे केस गेले. मग पुढचे पाय उघडे पडले, मग पाठ. कातडीला आंबूस वास यायला लागला, तो रात्रंदिवस खाजवायचा. शनिवारची रांग एका आठवड्यात गायब. वाहनाला टक्कल पडल्याबरोबर भैरवबाबांनी दुसरी सोय पाहिली असावी. चौहानबाई नाकाला पदर लावून फाटकाबाहेरून म्हणाल्या, "मैडमजी, इसको निगम वालों को दे दीजिए ना. बच्चे खेलते हैं यहाँ." पाया पडणारी बाई ही, म्हणे कुत्रा महापालिकेला द्या! मी म्हटलं, "पहले आपको दे दूँ क्या निगम को?" त्यानंतर महिनाभर आमचं बोलणं बंद होतं. फार शांततेचा महिना.

शेजारच्या श्रीवास्तवजींनी मात्र येणं सोडलं नाही. सोडलं असतं तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटायचं. सिंचाई विभागातून रिटायर झालेले, मागल्या वर्षी बायको सरला गेली, त्यामुळे दिवसभर रिकामे आणि डोकं सल्ल्यांनी भरलेलं. रोज कुंपणावरून एक उपाय. "भाभीजी, फिनाइल से नहला दो. भाभीजी, गंधक और सरसों का तेल. भाभीजी, जला ऑइल लगा दो, हमारे गाँव में सब यही लगाते हैं, तीन दिन में साफ." जला ऑइल म्हणजे गाडीच्या इंजिनातून काढलेलं काळं, वापरलेलं तेल. मी त्यांना समजावलं. मग समजावणं सोडून हात जोडले. शेवटी म्हटलं, "आप पहले अपने सिर पर लगाइए, बाल आए तो इसको लगाऊँगी." त्यांना पूर्ण टक्कल आहे. ते हसले. अपमान समजायलाही थोडी अक्कल लागते, असं मनात म्हटलं आणि आत आले.

डॉक्टर पाटीदारांकडे जाण्याआधी मी आणखी एका महाभागाकडे गेले होते. जनावरांच्या औषधांचं दुकान. तिथला माणूस तंबाखू मळता मळता म्हणाला, "आइवरमेक्टिन ठोक देते हैं, भैंस को भी यही देते हैं." आणि सिरिंज काढली! खंडूचं वजन केलं नाही, वय विचारलं नाही. "बीस-पच्चीस किलो होगा," म्हणे. म्हशीच्या ताकदीचं औषध अंदाजाने कुत्र्यात. काही जातींच्या कुत्र्यांच्या मेंदूवर ते औषध जातं, झटके येतात, बेशुद्ध पडतात. म्हाताऱ्या कुत्र्याला तर मोजूनमापूनही जपून द्यावं लागतं. खंडूची साखळी ओढून मी बाहेर आले. मागून त्याचा आवाज, "बूढ़ा है, वैसे भी सुला दो."

सुला दो. म्हणजे इंजेक्शन देऊन संपवा.

हेच वाक्य माझ्या चिरंजीवांनी पुण्याहून फोनवर मराठीत म्हटलं. अनिरुद्ध हुशार आहे, उंटावरून शेळ्या हाकण्यात तर विशेषच. "आई, त्याचे हाल बघवत नाहीत." मी म्हटलं, "तू बघतोस कुठे? व्हिडिओ बघतोस." पण तो चुकीचं बोलत नव्हता, आणि तेच लागलं. खंडू खाजवून खाजवून रक्त काढत होता. शेवटी मी शब्द दिला, की दोन महिने इलाज करीन; गुण आला नाही तर तू म्हणतोस तसं. फोन ठेवला आणि खंडूकडे पाहिलं. तो शेपटी हलवत होता. त्याला काय माहीत, त्याचा सौदा झाला ते.

फ्रीगंजमधल्या डॉक्टर पाटीदारांच्या दवाखान्यात वेटिंग रूम म्हणजे एक लांब बाकडं आणि एक वजनकाटा. आधी काट्यावर उभं करायचं, मग नाव लिहायचं. मला ही बाई तिथेच आवडली. तपासण्या सांगितल्या त्या सगळ्या केल्या. रक्त, लिव्हर, किडनी, साखर, थायरॉइड. म्हाताऱ्या कुत्र्याला किड्यांचं औषध देण्याआधी हे का, तर औषध पचवणारे अवयव धड आहेत का ते पाहायला. आणि प्रतिकारशक्ती कशाने पडली ते शोधायला. खंडूला कधी झटके आले होते का, हेही दोनदा विचारलं. नव्हते आले. मग वजनाप्रमाणे महिन्यातून एकदा चावून खायची गोळी दिली. ती रक्तात जाते आणि किडे मरतात. झटक्यांचा इतिहास असला तर ही गोळीही विचार करूनच देतात, तेव्हा लपवू नका. पुवासाठी वेगळं औषध, आणि आठवड्यातून एकदा औषधी शांपू. तो लावून दहा मिनिटं घड्याळ लावून थांबायचं, मग धुवायचं. दर महिन्याला पुन्हा स्क्रेपिंग. लागोपाठ दोनदा एकही किडा दिसला नाही तरच इलाज संपला. केस आले म्हणून थांबवायचं नाही.

एक रिपोर्ट त्यांनी दोनदा पाहिला. लिव्हरचा एक आकडा बराच वाढलेला. मग खंडूच्या पोटावर हात फिरवला. "पानी ज़्यादा पीता है?"

"बहुत," मी अभिमानाने म्हटलं. "खाता भी बहुत है. इस उम्र में!"

त्यांनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं.

पहिला महिना मी सैनिकासारखी वागले. गोळी वेळेवर, शांपू वेळेवर, घड्याळ लावून. दुसऱ्या स्क्रेपिंगला आम्ही गेलो तेव्हा पू गेला होता, पण किडे जिवंत. अंडीसुद्धा. डॉक्टरांच्या कपाळावर आठी. "इतने नहीं होने चाहिए थे. अंदर कुछ है जो इसको ठीक नहीं होने दे रहा." पुढच्या आठवड्यात आणखी एक हार्मोनची तपासणी ठरली. घरी येताना रिक्षात मी कॅलेंडर मोजलं. अनिरुद्धला दिलेल्या दोन महिन्यांपैकी जेमतेम एक उरला होता.

आणि त्याच आठवड्यात श्रीवास्तवजींनी दिवे लावले.

शांपू संपला म्हणून मी दुपारी फ्रीगंजला गेले होते. तासाभराने परत आले तर फाटक उघडं, अंगणात काळे पंजे उमटलेले, आणि खंडू डोक्यापासून शेपटीपर्यंत चकचकीत काळा. आधीही काळाच होता, पण हा काळा वेगळा. श्रीवास्तवजी हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालून, डबा घेऊन उभे. "भाभीजी, आप तो मना करतीं, इसलिए सोचा..."

सोचा! ह्या माणसाने सोचा!

खंडू पाय चाटत होता. चाटता चाटता ओकला. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्यातलं निम्मं मराठीत होतं म्हणून श्रीवास्तवजी वाचले. "तुम्हाला मारायचंय का त्याला?" हे मात्र त्यांना समजलं असावं, कारण त्यांचा चेहरा पडला.

फोनवर डॉक्टर म्हणाल्या, उलटी मुद्दाम करवू नका, तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. चाटू देऊ नका. भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात धुवा, टॉवेलात गुंडाळा आणि घेऊन या. मी धूत होते आणि श्रीवास्तवजी बादल्या भरून देत होते. मी त्यांना हाकललं नाही. दोन हात कमी पडत होते, एवढंच कारण.

दवाखान्यात खंडूला सलाइन लावलं. एक-दोन दिवस ठेवावं लागेल म्हणाल्या. कातडी आधीच सोललेली, त्यातून आणि पोटातून काय काय शोषलं गेलं असेल सांगता येत नव्हतं. खंडू टेबलावर आडवा पडून माझ्याकडे बघत होता. तेरा वर्षांत तो एक दिवस घराबाहेर राहिला नव्हता. निघताना मी सगळ्या सूचना दिल्या. त्याला खंडू म्हणूनच हाक मारा. डावा कान हाताळू नका. पाणी पितळेच्या भांड्यातून लागतं पण चालवून घेईल. आणि पर्समधून एक कागदी पाकीट काढून दिलं.

"और सुबह घी-पोळी में इसकी आधी गोली. नहीं तो पैर नहीं उठते इसके."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबल्या. "कौनसी गोली?"

"जोड़ों की."

"नाम?"

मला नाव माहीत नव्हतं.

आता हे पाकीट समजावून सांगते. आपल्या लोकांच्या घरात औषधांचा एक डबा असतो. उरलेली गोळी आपण टाकत नाही. शिळ्या पोळीचा कुस्करा करणारी माणसं आपण, गोळी कशी टाकू? त्यात आमचे हे रेल्वेच्या हिशेबात आयुष्य काढलेले. आमवात होता त्यांना, हाताची बोटं सुजायची. तीन-तीन महिन्यांच्या सुट्या गोळ्या मिळायच्या, त्या हे स्वतः पाकिटं करून ठेवायचे आणि वर सुंदर अक्षरात लिहायचे. ह्या पाकिटावर होतं, 'सांधे. अर्धी, सकाळी, खाल्ल्यावर.' ह्यांनी ती गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी उठून बागेत काम करत. दिवाळीनंतर खंडूचे मागचे पाय उचलेनात, तेव्हा मला ते पाकीट आठवलं. अर्धी गोळी, सकाळी, खाल्ल्यावर. चार दिवसांत खंडू जिना चढला! मी रडले होते तेव्हा. वाटलं, हे जाताना त्याच्यासाठी ठेवूनच गेले.

डॉक्टरांनी "कोई दवा?" विचारलं तेव्हा मी 'नाही' का म्हटलं? खरं सांगते. अर्धं कारण हे, की ते मला औषध वाटतच नव्हतं, घरातली गोष्ट वाटत होती. आणि अर्धं कारण हे, की दुसऱ्यांच्या घरगुती इलाजांना नावं ठेवणाऱ्या बाईने आपला घरगुती इलाज डॉक्टरसमोर काढायचा कसा.

डॉक्टर पाटीदारांनी गोळी हातावर घेऊन पाहिली. "अंकल की फाइल है?"

फाइल होती. डब्याच्या वरच्याच खणात. दोन वर्षांत मी तिला हात लावला नव्हता, अक्षर बघवत नाही म्हणून. त्या संध्याकाळी काढली. तारीखवार लावलेले कागद, प्रत्येकाला भोक पाडून दोरा ओवलेला. पाचव्या कागदावर सापडलं. प्रेडनिसोलोन. खाली ह्यांच्याच अक्षरात, 'स्टेरॉइड आहे. एकदम बंद करू नये.'

लिहून ठेवलं होतं हो त्यांनी. मी पाकीट वाचलं, कागद वाचला नाही. बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय हात लावायचा नाही, हे मी लॅबमध्ये तेहतीस वर्षं पोरांना ओरडून सांगितलं. एका पोराला दोन तास वर्गाबाहेर उभं केलं होतं त्यासाठी. आणि मी सहा-सात महिने रोज सकाळी, तुपात बुडवून, लाडाने...

स्टेरॉइड म्हणजे सूज उतरवणारं औषध. दुखणं झटकन थांबतं, म्हणून चमत्कार वाटतो. पण त्याने प्रतिकारशक्ती दबते. ती दबली की आयुष्यभर गुपचूप बसलेले किडे सुटतात. भूक वाढते, तहान वाढते, पोट सुटतं, लिव्हरचा आकडा चढतो. मी ज्याला तब्येत सुधारली म्हणत होते ते सगळं हेच होतं. एका हाताने मी किडे मारायची गोळी देत होते आणि दुसऱ्या हाताने किडे पोसत होते.

सकाळी फाइल डॉक्टरांसमोर ठेवली. त्यांनी कागद वाचला आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. अशाच नजरेने मी श्रीवास्तवजींकडे बघत आले होते. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मी म्हटलं, "डॉक्टर, मीच केलं हे." मराठीतच म्हटलं. त्यांना कळलं.

त्या म्हणाल्या, "आंटीजी, एक बात अच्छी हुई. वजह मिल गई. वजह नहीं मिलती तो ये नहीं बचता." मग म्हणाल्या, गोळी आजच्या आज बंद करायची नाही. बाहेरून मिळत राहिली की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं सोडून देतं. एकदम तोडली तर कुत्रा कोसळू शकतो. अर्धीची पाव, मग तीच पाव एक दिवसाआड, असं दीड महिना उतरवत न्यायचं, आणि तेही त्यांना विचारून. आणखी एक, तुमच्याआमच्या डब्यातल्या दुखण्याच्या साध्या गोळ्यासुद्धा कुत्र्याच्या पोटाला, किडनीला, लिव्हरला जीवघेण्या ठरतात. "आप तो फिर भी किस्मत वाली हैं," म्हणाल्या. किस्मतवाली! माझ्या आयुष्यात मला कोणी दिलेली ही सगळ्यात वाईट शाबासकी.

रिक्षात एक गोष्ट मनात आली आणि मला ती मुळीच आवडली नाही. श्रीवास्तवजींनी ते तेल फासलं नसतं, तर खंडू दवाखान्यात राहिला नसता, आणि ते पाकीट माझ्या पर्समधून कधीच बाहेर आलं नसतं. त्या दीडशहाण्याचे उपकार मानायची पाळी माझ्यावर यावी! मी मानले नाहीत. कोणाला सांगितलंही नाही. अनिरुद्धला फक्त एवढंच कळवलं, की कारण सापडलं आहे, दोन महिन्यांची मुदत रद्द.

खंडू तिसऱ्या दिवशी घरी आला. गोळी उतरत गेली तसे किडे कमी होत गेले. पुढच्या स्क्रेपिंगला चार-पाच मेलेले आणि एक जिवंत. त्याच्या पुढच्याला एकही नाही. पोट उतरलं. पाठीवर आधी राखाडी लव आली, मग काळे केस. पण पाय? पाय पुन्हा गेले. ज्या दुखण्यावर मी चादर घातली होती ते तिथेच होतं. आता त्याला कुत्र्यांसाठीचं वेगळं औषध आहे, रक्त तपासून दिलेलं. रोज सकाळी मी मागचे पाय चोळते, फरशीवर सतरंज्या अंथरल्या आहेत. जिना तो चढत नाही. मीच माझा पलंग खाली आणला. वरच्या खोलीत झोपायचं कशाला, काय ठेवलंय तिथे.

भाद्रपदात लागोपाठ दुसरी स्क्रेपिंगही साफ निघाली. डॉक्टर म्हणाल्या, "अब नहीं हैं. खंडूजी, छुट्टी." मी त्यांच्या पाया पडणार होते, वयाने मोठी असून. त्यांनी धरलं.

दोनच दिवसांनी घरी गणपती. आरतीला कॉलनी आली. खंडू गणपतीसमोर सतरंजीवर पसरलेला, अंगभर नवे केस, आणि लोक पुन्हा भैरू भैरू करायला लागले. काय ही माणसं! चौहानबाईंनी आधी गणपतीला हात जोडले, मग कुत्र्याला. म्हणाल्या, "मैडमजी ने बचा लिया. ऐसी सेवा कोई अपने माँ-बाप की नहीं करता." सगळ्यांनी माना डोलवल्या. केस यायला लागल्यापासून मी हे ऐकत होते आणि गिळत होते.

मग चौहानबाई म्हणाल्या, "मेरे मायके में भी एक बूढ़ा कुत्ता है, बाल जा रहे हैं. आपके पास वो गोली बची होगी ना? दो-चार दे दीजिए."

माझ्या हातात प्रसादाची वाटी होती. ती खाली ठेवली.

"बचाया नहीं है मैंने इसको," मी म्हटलं. "बीमार ही मैंने किया था. इनकी बची हुई गोली थी, नाम पढ़े बिना रोज़ खिलाती रही. बचाया डॉक्टर ने. और पकड़ी गई मैं श्रीवास्तवजी के ऑइल की वजह से, नहीं तो आज तक खिला रही होती. बची हुई गोली किसी को नहीं दूँगी. डॉक्टर के पास ले जाइए."

चौहानबाईंनी प्रसाद पदरात बांधला आणि सुनेला स्वयंपाक सांगायचाय म्हणून उठल्या. बाकीचेही एकेक करून गेले. घरात धुपाचा वास आणि श्रीवास्तवजी उरले. ते खुर्चीत तसेच बसून होते. मला वाटलं, आता म्हणतील, देखा, मेरे ऑइल से ही ठीक हुआ. म्हणाले असते तर मी त्यांना घराबाहेर काढलं असतं.

ते म्हणाले, "भाभीजी, सरला की दवाइयाँ भी रखी हैं मेरे पास. पूरा डब्बा. घुटना दुखता है तो उसी में से एक ले लेता हूँ."

"कौनसी?"

"नाम तो नहीं पता." त्यांनी हाताची चिमूट करून दाखवली. "सफ़ेद है, छोटी सी."

"कब से?"

"जब से वो गई."

माझ्या जिभेवर काय काय आलं, ते सगळं ह्याच माणसाला आधी बोलून झालं होतं. मी म्हटलं, "डब्बा लेकर आइए. कल सुबह मैं साथ चलूँगी."

सकाळी आम्ही माणसांच्या डॉक्टरांकडे वेटिंग रूममध्ये बसलो होतो. श्रीवास्तवजींच्या मांडीवर सोहनपापडीचा जुना डबा. त्यांनी झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. नंबर जवळ आला तसे ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "फेंकी नहीं जातीं, भाभीजी."

मी म्हटलं, "मालूम है."